विहिरीतले पाणी कशाने वाढले?

छत्रपती संभाजीनगर

चि. मुक्ता,

तुझा पीएच.डी.चा आराखडा वाचला. बंधारे, नाला खोलीकरण अशी कामे करणाऱ्या जलयुक्त शिवार अभियानाचा गावांवर झालेला परिणाम हा विषय तू घेतलास, याचा आनंद आहे. मराठवाड्यात बसून पाण्यावर काम करायचे नाही तर कशावर करायचे? माझा आक्षेप आहे तो 'संशोधन पद्धती' या प्रकरणावर. वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धत, शंभर शेतकऱ्यांचा नमुना, प्रश्नावली, टक्केवारी, आलेख, एवढे लिहून तू मोकळी झालीस. हे प्रकरण उचलून बचत गटांवरच्या किंवा ग्रंथालयांवरच्या प्रबंधाला जोडले तरी एक शब्द बदलावा लागणार नाही, आणि त्यातला दोष नेमका हाच आहे. पद्धत प्रश्नातून निघायला हवी. तुझ्याकडे प्रश्न अजून पक्का ठरलेला नाही आणि पद्धत मात्र ठरून बसली आहे.

गावाची पाणीपातळी 'अभियानापूर्वी' आणि 'अभियानानंतर' अशी दोन रकान्यांत मांडण्याचा तुझा विचार दिसतो. अभियान डिसेंबर 2014 मध्ये जाहीर झाले. 2015 हे मराठवाड्यासाठी कडक दुष्काळाचे वर्ष. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. आणि त्याच 2016 सालच्या पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबरात, मराठवाड्यात धो धो पाऊस झाला. आता 2015 आणि 2016 या दोन वर्षांच्या ऑक्टोबरमधली पातळी शेजारी शेजारी ठेवलीस तर जिथे एकही बंधारा झाला नाही तिथल्या विहिरीलाही पाणी वाढलेले दिसेल. मग ते श्रेय नाला खोलीकरणाचे की पावसाचे? म्हणून ज्या गावांत काम झाले नाही, पण पाऊस, खडक आणि पीकपद्धती सारखी आहे, अशी गावे तुलनेला घ्यावी लागतील आणि दोन्हीकडे आधीची व नंतरची पातळी पाहावी लागेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्या नोंदी हाताशी असताना शेतकऱ्याला 'पाणी वाढले का? होय किंवा नाही' असे विचारण्यात काय हशील? तरीही एक अडचण उरतेच. कामासाठी गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. कुठे टंचाई जास्त होती, कुठे सरपंच खटपट्या होता. तो फरक तुलनेत शिरतो, आणि ते प्रबंधात स्पष्ट लिहिले पाहिजे.

चिठ्ठ्या टाकण्याने काय साधते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 1973 ते 1986 या काळातल्या अकरा पावसाळ्यांत बारामतीच्या परिसरात ढगांवर मिठाची भुकटी फवारण्याचा प्रयोग केला. क्षेत्राचे उत्तर, दक्षिण आणि मध्ये मोकळा पट्टा असे तीन भाग पाडले. त्या दिवशी फवारणी उत्तरेला की दक्षिणेला, हे यादृच्छिक पद्धतीने ठरत असे. ज्या बाजूला फवारणी नाही तीच तुलनेची बाजू. एकूण पाऊस सुमारे 24 टक्के जास्त आढळला, आणि निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता शंभरात चार इतकी निघाली. याउलट 2015 आणि 2019 साली आपल्या शहरातून विमाने उडाली ती पाऊस पाडण्यासाठी, परिणाम मोजण्यासाठी नव्हे. फवारणीनंतर पाऊस पडला तरी तो एरवीही पडलाच असता का, याचे उत्तर अशा मोहिमेतून मिळत नाही. विमान, ढग, रसायन सगळे असूनही आराखडा नसेल तर ज्ञान हाती लागत नाही.

हे सगळे ज्या भूमिकेतून बोललो तिला प्रत्यक्षार्थवादी म्हणतात: वास्तव आपल्याबाहेर आहे, ते मोजता येते, आणि कोणीही मोजले तरी आकडा तोच यावा. पाण्याच्या पातळीसाठी ही भूमिका रास्त आहे. पण तुझ्या आराखड्यात एक वाक्य मधेच येऊन गेले आहे, 'पाणी वाढूनही काही कुटुंबे ऊसतोडीला जातात.' ते का जातात, हे विहिरीत दोरी सोडून कळणार नाही. पाणी कोणाच्या विहिरीत वाढले, बोअर कोणाचे खोल आहे, ऊसतोडीसाठी आगाऊ उचल आधीच घेतलेली आहे का, शेत असूनही स्वतःला 'शेतकरी' म्हणवणे तोडीला जाणाऱ्या बाईला खरे वाटते का, यासाठी तिच्या घरी पुन्हा पुन्हा जावे लागते आणि तिच्या शब्दांत ऐकावे लागते. ही अन्वयार्थवादी भूमिका. तिच्यात दहा कुटुंबे पुरतात. शंभरांत ती दहा हरवतात.

तिसरी भूमिका चिकित्सक. आकडा तयार कसा होतो, त्यात कोण मोजले जाते आणि कोण सुटते, हे ती विचारते. शेतकरी आत्महत्यांचे बघ. एक लाख रुपयांच्या सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' ठरायचे तर कुटुंबाच्या नावावर जमीन आणि बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज दाखवावे लागते. कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नसेल, बटईची जमीन असेल, हातउसने पैसे असतील, तर मृत्यू घडलेला असतो पण पात्रतेच्या रकान्यात दिसत नाही. फक्त पात्र प्रकरणे घेऊन 'कर्ज हेच मुख्य कारण' असा निष्कर्ष काढणारा अभ्यासक स्वतःच्याच चाळणीतून उरलेले मोजत असतो. मुंबई उच्च न्यायालयापुढे शेतकरी आत्महत्यांचा विषय असताना टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल 2005 साली आला, इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा 2006 साली. दोन्ही शेजारी ठेवून वाच. निष्कर्षांकडे नंतर वळ. आधी प्रत्येकाने काय विचारले आणि कोणाशी तुलना केली, तेवढे टिपून घे.

तू म्हणशील, मामा, एवढे करायला पैसा आणि वेळ कुठे आहे? मान्य. विमान तुझ्याकडे नाही, चिठ्ठ्या टाकून बंधारे बांधणे तुझ्या हातात नाही. पण आराखडा प्रामाणिक असायला पैसा लागत नाही. खूप गावे घेण्याऐवजी तुलनेची आठ गावे नीट निवडलीस तरी चालेल. मार्गदर्शक गृहीतके मागतात, हे दुसरे. पातळीच्या प्रश्नाला गृहीतक जरूर लिही, तिथे ते खोटे ठरू शकते. ऊसतोडीच्या प्रश्नाला ओढूनताणून गृहीतक लिहू नकोस. तिथे प्रश्नच मांड आणि तसे का, ते मार्गदर्शकांना समजावून सांग. सबळ कारण दिलेस तर बहुधा ऐकतील. तिसरा आक्षेप जरा फसवा आहे: पहिल्या दोन्ही भूमिका घेऊन 'मिश्र पद्धत' लिहिली की झाले. मिश्र पद्धतीला माझा विरोध नाही, तुझ्या विषयाला तीच शोभेल. मात्र पातळीचे आकडे एक सांगतात आणि बाया दुसरे, असे झाले तर तू काय करणार, हे आधी ठरव. माझे मत विचारशील तर अशा वेळी एकाला खोटे पाडू नये. गावाची सरासरी वाढली आणि एखाद्या बाईची विहीर कोरडीच राहिली, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, आणि तुझ्या प्रबंधाचे सर्वांत मोलाचे प्रकरण कदाचित तिथेच निघेल.

विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे (आरआरसी) जाण्याआधी प्रश्नावली बाजूला ठेव आणि दोन्ही प्रश्न स्वतंत्र कागदांवर लिही. पहिल्याखाली, काय दिसले तर आपले म्हणणे चुकले असे मानशील, ते लिही. दुसऱ्याखाली, कोणाच्या घरी जाशील आणि कोणाच्या घरी जायला तुला संकोच वाटतो, तेही लिही. निरीक्षण विहिरींची यादी मिळाली की मला पाठव, तुलनेची गावे आपण बसून निवडू.

तुझा,
मामा