सामायिक सुतारशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी

पाट, पुस्तकांची मांडणी, खिडकीची चौकट अशा वस्तू आपल्या हातांनी कराव्यात असे पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते. करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि हातोडी एवढी हत्यारे घरी ठेवता येतात. पण आठ फूट फळी सरळ चिरायची, तर गोल करवतीचे यंत्र हवे आणि तिची जाडी सगळीकडे सारखी करायची, तर रंधायंत्र हवे. ही यंत्रे घरात मावत नाहीत. मावली तरी वर्षातले बहुतेक दिवस पडून राहतील. अनेकांनी मिळून एक कार्यशाळा वापरणे हा त्यावरचा सोपा उपाय होय.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हाच त्याचा पाया. २००२ साली तेथे अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे अनेकांनी वापरायची यंत्रशाळा, उभी राहिली. तुमच्या गावाजवळ अशी सोय आहे का, याची चौकशी तंत्रशाळेत किंवा आय. टी. आय.मध्ये करावी. मोठ्या शहरांत वर्गणी भरून वापरता येणाऱ्या कार्यशाळाही आहेत.

जागा सापडली की यंत्रे किती आहेत ते मोजत बसू नका. नवख्याला शिकविणारा जाणता माणूस तेथे आहे का? करवतीच्या पात्यावर झाकण आहे का? यंत्र बंद करण्याचे बटण चटकन हाताशी येते का? या प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. त्यांचे महत्त्व थोड्याशा गणिताने पटेल.

समजा, करवतीच्या पात्याचा व्यास २५ सेंटिमीटर आहे आणि ते मिनिटाला २,८८० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला ४८ फेरे झाले. पात्याचा परीघ सुमारे ७८.५ सेंटिमीटर, तेव्हा दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ३७.७ मीटर, म्हणजेच ताशी १३५ किलोमीटरच्या वर भरतो. धोका दिसल्यावर हात मागे घ्यायला माणसाला निदान एक पंचमांश सेकंद लागतो. पात्याला ४० दाते असतील, तर तेवढ्या वेळात ३८० हून अधिक दाते बोटापुढून निघून गेलेले असतात! चपळाईच्या भरवशावर येथे कोणी राहू नये. छोटा तुकडा हाताने न ढकलता काठीने ढकलावा. हातमोजेही घालू नयेत. त्यांचा धागा दात्यात अडकला, तर पाठोपाठ हात ओढला जातो.

दुसरा धोका लाकडाच्या स्वभावातून येतो. पात्याचे पुढचे दाते खाली जातात व फळीला टेबलावर दाबतात. मागचे दाते मात्र वर येत असतात. चिरलेली फाक मागे मिटली व पाते चिमटले गेले, तर हेच दाते फळी उचलून काम करणाऱ्याच्या अंगावर फेकतात. पात्याच्या निम्म्या वेगाने आलेली फळी सहा मजले उंचीवरून पडल्यासारखा आघात करते. म्हणून पात्याच्या सरळ रेषेत न उभे राहता थोडे बाजूला उभे राहतात, आणि फाक मिटू नये म्हणून पात्यामागे पोलादी पट्टी बसवितात. ती काढून ठेवलेली दिसली, तर यंत्र सुरू करू नका.

फाक मिटते कशाने? पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, हे तुम्ही पाहिलेच आहे. लाकूड हवेतील बाष्प घेते तेव्हा फुगते, सोडते तेव्हा आकसते. हा फरक लांबीत नगण्य, पण रुंदीत बराच असतो. ओले लाकूड घाईने वाळविले, तर बाहेरचा थर आधी वाळतो आणि आत ताण साठून राहतो. चिरताना तो मोकळा होतो व फाक उघडते किंवा मिटते.

लाकूड किती ओले आहे हे शाळेच्या प्रयोगशाळेत काढता येईल. लहान तुकडा वजन करून भट्टीत सुमारे १०३ अंश सेल्सियसला, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. ६० ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम भरला, तर निघालेले १० ग्रॅम पाणी सुक्या लाकडाच्या २० टक्के झाले. हे प्रमाण कपाटासाठी जास्तच. १२ टक्क्यांच्या आसपास आले की काम सुरू करावे.

भुशाकडेही लक्ष हवे. जमिनीवर पडलेला भुसा झाडता येतो. हवेत तरंगणारी, डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात खोल जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीची गणना कर्करोगकारक पदार्थांत केली. यंत्राला धूळ ओढणारा पंखा जोडलेला असावा. शिवाय तोंडावर चांगला मास्क हवा. साधा रुमाल पुरत नाही.

राहता राहिली धार. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. घरचे हत्यार आपण परजतो. सगळ्यांच्या हत्याराला धार कोणी लावायची? काम संपल्यावर प्रत्येकाने ती लावून ठेवावी, असा नियम बरा. जुन्या वाड्यातले लाकूड आणले असेल, तर त्यावरून आधी जोरकस लोहचुंबक फिरवा. आत राहिलेला एखादा खिळा पात्याचे दाते मोडू शकतो, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्या सर्वांचे काम अडते.