घराभोवतीची बाग आणि घरात शिरणारे उपद्रवी जीव
(भंडारदरा परिसराच्या निमित्ताने)

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की अवर्षणाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने भिंती ओल्या असतात आणि सरपण सुकत नाही. १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण याच पावसावर भरते. घराभोवतालच्या मांडणीचा घरातील किडीशी असलेला संबंध अभ्यासावयाचा तर याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

वाळवी, मुंगी, डास, उंदीर किंवा साप यांना आपल्या घराविषयी मुळीच आकर्षण नसते. त्यांना हवी असते ओल, आडोसा आणि अन्न. या तिन्ही गोष्टी आपण भिंतीला चिकटून पुरविल्या, की उंबरठा ओलांडणे त्यांना अवघड नसते. मग आपण स्वयंपाकघरात औषध फवारतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातलाच हा प्रकार होय.

प्रथम वाळवीचा विचार करू. जमिनीतील वाळवीला उघडी, कोरडी हवा सोसत नाही; म्हणून ती मातीची बारीक नळी बांधून तिच्या आडून वर चढते. जोते उघडे असेल तर ही नळी चटकन दिसते व मोडता येते. हल्ली अनेक घरांत आणि बंगल्यांत शोभेसाठी भिंतीलगत माती चढवून फुलांचे वाफे करतात. त्यामुळे जोते झाकले जाते, रोज घातलेले पाणी भिंतीत मुरते आणि वाळवीला दाराच्या चौकटीपर्यंत आडवाट मिळते. भिंतीवर चढविलेला दाट वेलही असाच ओल धरतो आणि नळी लपवितो.

मुंग्यांची वाट निराळी. खिडकीशी लावलेल्या जास्वंदीवर मावा किंवा पिठ्या ढेकूण पडला, की त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड द्रवासाठी मुंग्या झाडावर येतात. फांदी खिडकीला टेकलेली असेल तर तोच त्यांचा पूल होतो. अशा वेळी साखरेच्या डब्याला दोष देण्यापेक्षा फांदी हातभर छाटणे श्रेयस्कर.

डासांचे गणित कुंडीखालच्या ताटलीत आहे. डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ पावसाळी हवेत साधारण आठ-दहा दिवसांत होते. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून देणे पुरेसे नाही, भांड्याची कड घासावयास हवी. मोरीचे पाणी केळीच्या आळ्यात सोडण्याची आपली पद्धत चांगली आहे. मात्र ते मुरले पाहिजे. साचले, तर तेथे क्युलेक्स डासांची पैदास ठरलेली.

सर्वांत गंभीर प्रश्न सापांचा. रातराणी किंवा केवड्याच्या वासाने साप येतो, असा समज सर्वत्र आहे. वास्तविक साप वासाला भुलत नाही. दाट झुडुपाखालची सावली आणि तेथील बेडूक, उंदीर, पाली त्याला ओढून आणतात. दारावरच्या प्रखर पांढऱ्या दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांमागे बेडूक व पाली, आणि त्यांच्यामागे साप. ही साखळी ध्यानात घेतली पाहिजे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश पुष्कळदा दुखतही नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांवरील प्रतिविष उपलब्ध आहे. पण पावसाळी रात्री डोंगरातल्या वाडीवरून रुग्णालय गाठण्यात मोलाचा वेळ जातो. तेथे अंगणाची मांडणी हा केवळ सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

यावर कोणी म्हणेल, सरपण भिंतीशी रचले नाही तर भिजेल. ही अडचण खरी आहे. पण उपायही साधा आहे. मोळ्या वळचणीखालीच, परंतु दगडांवर उचलून आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचाव्यात. पेंढा चार खांबांवर माच बांधून ठेवण्याची रीत याच शहाणपणातून आली असावी. उंच जोते, पुढे आलेली वळचण आणि तिच्या पागोळ्यांचे पाणी वाहून नेणारा चर या जुन्या घरांतील गोष्टी भिंतीचा पाया कोरडा ठेवतात. नव्या घरांनीही भिंतीभोवती दोन-तीन फुटांचा कोरडा, खडीचा पट्टा मोकळा सोडावा. बाग त्यापलीकडे हवी तेवढी फुलवावी.

मग सगळी झाडे तोडून सरसकट औषध का फवारू नये? याचे उत्तरही भंडारदराच देतो. मे अखेरीस व जूनच्या आरंभी येथील हिरडा, बेहडा, सादडा यांसारख्या झाडांवर काजव्यांचा जो लखलखाट होतो, तो पाहावयास दुरून माणसे येतात. काजव्याची अळी ओलसर मातीत, पालापाचोळ्यात राहून गोगलगायींसारखे जीव खाते. वाळवीसाठी अंगणभर ओतलेले विष तिलाही सोडत नाही आणि रात्रभर जळणारे दिवे काजव्यांच्या नरमादीच्या खुणा पुसून टाकतात. तेव्हा पालापाचोळा झाडाखाली असावा, भिंतीशी नसावा. दिवा मंद, पिवळा असावा आणि काम संपताच मालवावा.

सारांश, कोणते झाड लावावे यापेक्षा ते भिंतीपासून किती दूर लावावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यास पैसा लागत नाही. पहिल्या पावसापूर्वी घराला एक फेरी घालून ओल, आडोसा आणि अन्न कोठे भिंतीला टेकले आहे, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते.