कोंबड्यांच्या खाद्यातील गोगलगायी : एक निरीक्षणपाठ
(इयत्ता ३ री व ४ थी. विषय : परिसर अभ्यास. काळ : पावसाळा)

प्रस्तावना : कोकणात अनेक घरांच्या परसात चार-सहा कोंबड्या असतात. पावसाळ्यात सकाळी पाहावे, तो खाद्याच्या भांड्यातील कण्यांना बुळबुळीत चिकटा लागलेला आणि कडेला बिनशंखाच्या गोगलगायी बसलेल्या आढळतात. मग कोणी मीठ टाकतो, कोणी विषारी गोळ्या आणतो. हा अनुभव मुलांच्या घरचाच असल्याने पाठाला उत्तम विषय मिळतो.

हेतू : उपद्रवी जीव मारण्याच्या आधी तो का येतो, हे शोधण्याची सवय मुलांना लावणे.

निरीक्षण : शिक्षकाने प्रथम माहिती सांगू नये, प्रश्न विचारावेत. भांड्यावर चकाकणारी रेघ दिसते काय? गोगलगाय दिवसा कोठे असते? कोंबड्या खुराड्यात केव्हा शिरतात? मुलांनी घरी पाहून तीन रात्रींच्या नोंदी आणाव्यात : पाऊस पडला की नाही, भांडे कोठे होते, सकाळी किती गोगलगायी दिसल्या. प्राण्याला हात मात्र लावू नये.

कारणमीमांसा : नोंदींवरून मुलांकडूनच पुढील गोष्ट काढून घ्यावी. गोगलगायीच्या अंगावर शंख नसल्याने उन्हात ती सुकते. म्हणून दिवसा ती दगड, फळी वा पाचोळ्याखाली दडते आणि रात्री बाहेर पडते. कोंबड्या तर दिवेलागणीलाच खुराड्यात जातात. म्हणजे रात्रभर उघडे राहिलेले खाद्य कोंबड्यांच्या उपयोगी पडत नाही. ते गोगलगायींसाठीच वाढून ठेवल्यासारखे होते. दोष भांडे बाहेर ठेवण्यात आहे, हे मुलांच्या ध्यानी येताच पाठ निम्मा साधला.

उपाय : (१) संध्याकाळी भांडे घरात घ्यावे, सांडलेले दाणे झाडून टाकावेत. (२) सकाळी तेवढेच खाद्य घालावे, जेवढे दिवसात संपेल. (३) भांडे धुऊन कोरडे करावे. ओलसर खाद्याला बुरशी येते व तिचे विष कोंबड्यांना बाधते. (४) खुराड्याभोवतालचा पाचोळा व फळ्या हलवाव्यात. (५) तरीही उपद्रव राहिल्यास रात्री ओले गोणपाट पसरावे. सकाळी मोठ्या माणसांनी त्याखालील गोगलगायी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात व खड्ड्यात पुराव्यात. राखेचे कडे कोरडे असेतोच उपयोगी पडते. एका सरीने ते निकामी होते.

दक्षता : मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परसात टाकू नयेत. गोगलगायीला भुलविणारे हे आमिष कोंबड्या आणि कुत्रीही खातात व मरतात; लहान मुलांनाही त्यापासून धोका असतो. मिठाचे प्रमाण वाढले तर तेही कोंबड्यांना विषासारखे असते. शिवाय मीठ टाकून जीव तडफडताना पाहणे हा खेळ नव्हे, हे मुलांना समजावून सांगावे. कोंबड्यांना गोगलगायी मुद्दाम खाऊ घालू नयेत. त्यांच्यामार्फत श्वासनलिकेतील जंत व पट्टकृमी कोंबड्यांत शिरू शकतात. काही गोगलगायींत उंदरांच्या फुप्फुसांतील जंताच्या अळ्या असतात. त्या माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. चुकून स्पर्श झाल्यास साबणाने हात धुवावेत आणि परसातील भाजी नीट धुऊनच खावी.

गणिताशी सांगड : रोज १०० ग्रॅम खाद्य फेकावे लागले, तर ३० दिवसांत किती वाया जाईल? उत्तर : ३ किलो. अंड्यावरची मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम खाद्य खाते, असे धरल्यास हे एका कोंबडीचे २५ दिवसांचे अन्न होय. हा हिशेब मुलांनी घरी आईला सांगावा.

स्वाध्याय : पुढील तीन रात्री भांडे घरात ठेवून सकाळी पूर्वीच्याच जागेची पाहणी करावी व दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी मांडाव्यात. फरक पडला नाही, तर ती नोंदही तशीच ठेवावी आणि आसपास दुसरे कोणते अन्न वा आडोसा राहिला आहे, याचा शोध मुलांकडूनच करवावा.