आधी कागद, मग तिकीट

‘एज्युकेशन टूर’ची माहितीपत्रकं आता इंदूरच्या घराघरांत मुलांच्या दप्तरातून येतात. आठवडाभरात दोन देश, विद्यापीठाच्या आवारात एक फेरफटका आणि शेवटी प्रमाणपत्र. परतल्यावर सेमिस्टर अडकलेली मुलं पाहिली आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो: आपल्या शाळेने वा कॉलेजने लेखी मान्य न केलेला प्रवास शिक्षण समजून पैसे भरू नका. सहल म्हणून खुशाल करा, पण मग ती सुटीत करा.

प्रवास माणसाला घडवतोच, त्याला कागद कशाला, असं कुणी म्हणेल. याच शहरातलं उदाहरण बघू. इंदूरचे संस्थानिक यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डला शिकत होते. तिथल्या काळात जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि पुढे १९३०च्या दशकात माणिकबाग महाल उभा राहिला. हे धावत्या भेटीतून आलं नाही. एका जागी राहून, शिकून, माणसं जोडून आलं. शिवाय संस्थानिकाला पदवी अडण्याची धास्ती नव्हती. आपल्या मुलांना आहे. सीबीएसईला ७५ टक्के हजेरी लागते, आणि विद्यापीठाच्या परीक्षा कुणाच्या व्हिसासाठी थांबत नाहीत.

नियमांनी वाट मात्र मोकळी केली आहे. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार ‘ट्विनिंग’ अभ्यासक्रमात ३० टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेत मिळवता येतात. पण पात्र संस्थांमध्ये तसा करार झालेला असेल तरच. युरोपात १९८७पासून चाललेल्या इरास्मस योजनेत विद्यार्थी आणि दोन्ही संस्था अभ्यासाच्या करारावर सह्या करतात, तेही निघण्याआधी. आपणही विभागप्रमुखांना हेच विचारावं: तिथला कोणता विषय इथल्या कोणत्या विषयाऐवजी धरणार? श्रेयांक किती? अंतर्गत परीक्षा मधेच आली तर पुन्हा घेणार का? तोंडी ‘बघू, होईल’ म्हणजे नकारच समजावा.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत, हा आक्षेप निम्मा खरा आहे. विमानाचं भाडं कुणाला चुकत नाही. तरी इंदूरची डेली कॉलेज ही शाळा ज्या राउंड स्क्वेअर संघटनेत आहे, तिथल्यासारखी शाळा-शाळांमधली अदलाबदल मला टूरपेक्षा कितीतरी सरस वाटते, कारण त्यात मूल परक्या देशातल्या वर्गात खरोखर बसतं. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी कॉलेजच्या कार्यालयात अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि उत्तर सही-शिक्क्यानिशीच मागा.