ब्रेकचा आवाज : आधी निदान, मग उपाय



उसावर तांबेरा दिसला तर आधी पान उलटून पाहा, मगच औषध आणा, असे आम्ही नेहमी सांगतो. ब्रेकच्या आवाजाचेही तसेच आहे.

फोर्डची जुनी मॉडेल टी (१९०८ ते १९२७) घ्या. तिचा पायाचा ब्रेक चाकात नव्हे, गिअरपेटीत असे. सुती अस्तराचा पट्टा फिरत्या ड्रमभोवती आवळायचा, आणि हे सारे तेलातच चाले. पाय देताच गाडी थडथडली, तर अस्तर गुळगुळीत झाले किंवा तेल खराब झाले असे समजावे. अस्तर बदलावे, ताजे तेल घालावे.

तिच्यामागून आलेल्या मॉडेल ए गाडीत चारही चाकांना ड्रम आले. हे काम मात्र कोरडे. चिरका आवाज आला तर आत साठलेली धूळ, चकाकी आलेले लायनर आणि सैल पिना तपासाव्यात. खरखर ऐकू आली तर लायनर झिजून रिव्हेट ड्रमला घासत असेल. गाडी पुढे दामटू नये.

इथे तेल सोडले तर आवाज जाईल, पण ब्रेकही जाईल! आपल्याकडच्या जुन्या जीपचे ड्रम ब्रेकही कोरडेच, हे ध्यानात ठेवावे.

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ती फुंकू नये, हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. लायनर जाणत्या मिस्त्रीकडूनच बदलून घ्यावे.

आवाज थांबला म्हणजे झाले असे नाही. गाडी वेळेवर थांबली पाहिजे.