मूलभूत अधिकारांचे संरक्षण आणि सर्वोच्च न्यायालय

अधिकार कायद्यात लिहिला गेला, एवढ्याने तो नागरिकाच्या हाती येतोच असे नाही. त्याचा भंग झाल्यास दाद कोठे मागावयाची हे निश्चित असावे लागते. भारतीय संविधानाच्या ३२ व्या अनुच्छेदाने ही तरतूद केली आहे. मूलभूत अधिकारांच्या अंमलबजावणीसाठी थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाणे हाच एक मूलभूत अधिकार होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीस संविधानाचा आत्मा म्हणून संबोधिले होते.

कसोटीचा काळ

हा मार्ग नेहमीच मोकळा राहिला असे म्हणता येणार नाही. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना देहोपस्थितीचा आदेश मागता येतो काय, या प्रश्नावर २८ एप्रिल १९७६ रोजी चार न्यायमूर्तींनी नकारार्थी निर्णय दिला. न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी एकट्यांनी भिन्न मत नोंदविले. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने, जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा अधिकार आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, अशी व्यवस्था झाली; आणि २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निर्णय चुकीचा ठरविला.

पत्राची दखल

गरिबाला दिल्लीपर्यंत पोहोचणार कसे? १९८२ साली पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगातील १५ स्त्री-बंद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी ५ जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बरसे यांचे पत्र हीच याचिका मानून न्यायालयाने चौकशी करविली व फेब्रुवारी १९८३ मध्ये निर्देश दिले. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठड्या असाव्यात व तेथे स्त्री-पोलिसांचा पहारा असावा. स्त्रियांची विचारपूस स्त्री-पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. अटकेची कारणे त्वरित सांगावीत. कोठडीत छळ झाला काय, हे दंडाधिकाऱ्याने स्वतः विचारावे, असे त्यांचे स्वरूप होते.

उपजीविकेचा प्रश्न

मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांच्या प्रकरणात १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यीय पीठाने, जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार अंतर्भूत आहे, असे सांगितले. तथापि पदपथ अडविण्याचा हक्क मान्य केला नाही. हटविताना कार्यपद्धती न्याय्य असावी, व्यक्तीस म्हणणे मांडण्याची संधी सामान्यतः मिळावी, आणि पावसाळा संपल्यानंतर एक महिन्यापर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कोणासही हलवू नये, असे ठरले. अधिकार आणि सार्वजनिक हित यांची सांगड कशी घालावयाची, याचे हे उदाहरण आहे.

निर्णयानंतरचे कार्य

न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीस नाहीत. १४१ व्या अनुच्छेदानुसार त्याने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे, आणि १४४ व्या अनुच्छेदानुसार सर्व प्राधिकाऱ्यांनी त्यास साहाय्य करावयाचे आहे. म्हणून निर्णयाची खरी परीक्षा पोलीस ठाण्यात, तहसील कचेरीत आणि ग्रामपंचायतीत होते. अतिक्रमण काढण्यापूर्वी दिलेली रीतसर नोटीस, किंवा अटक झालेल्याच्या घरी वेळेवर पोहोचलेला निरोप, ही त्या निर्णयाचीच अंमलबजावणी होय.

स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. ही माहिती शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी घरोघर पोहोचविली, तर गावातील दुर्बल माणसालाही न्यायाची वाट दिसेल.