वाचकांचे प्रश्न : स्टेअरिंग हाती घेण्यापूर्वी

प्रश्न : मी बावीस वर्षांचा असून बारावीनंतर माझे शिक्षण सुटले. हलक्या मोटारीचे लायसन दोन वर्षांपासून माझ्याजवळ आहे. आमच्या भागातील एका मोटारमालकांच्या दहा चाकी गाड्या वाशी, सुरतेपर्यंत माल नेतात. ते मला कामावर घेण्यास तयार आहेत. पण म्हणतात की, आधी क्लीनर म्हणून गाडीवर चढ, रात्री रस्ता मोकळा असला म्हणजे उस्ताद तुझ्या हाती गाडी देईल, हात बसला की मोठे लायसन काढून देऊ. पगाराचा आकडा ते सांगत नाहीत. 'खेपेमागे भत्ता मिळेल' एवढेच बोलतात. वडिलांच्या औषधपाण्यासाठी वीस हजारांची उचल देऊ करतात आणि तिच्यापोटी कोऱ्या मुद्रांकपत्रावर सही मागतात. घरच्यांचा आग्रह होकार देण्याचा आहे. मी काय करावे?
— एक वाचक, ता. पाथर्डी

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकत्र गुंतले आहेत, लायसनचा, पगाराचा आणि उचलीचा, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती अशी की, मालवाहू मोटार चालविणारा इसम मालकाचा नोकर असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्रपणे जबाबदार असतो, व जी जबाबदारी त्याच्या शिरावर त्याच्या एकट्याच्या नावाने येते, तिच्या मोबदल्याचे हक्कही त्याच्याच नावाने कागदावर उतरलेले असले पाहिजेत.

लायसनची गोष्ट प्रथम घेऊ. 1988 च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालवाहू वाहन चालविण्यास वयाची वीस वर्षे पुरी असावी लागतात आणि जड वाहनाचे शिकाऊ लायसन मिळण्यापूर्वी हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष जवळ असावे लागते. या दोन्ही अटी तुम्ही पुऱ्या करता. आठवी उत्तीर्ण असण्याची पूर्वीची अट तर 2019 सालीच रद्द झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिलेल्या निकालानुसार, एकूण भारासह साडेसात हजार किलोंच्या आतील मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालविता येते, त्यास निराळी नोंद लागत नाही. या निकालाचा आधार घेऊन 'आता सगळेच चालते' असे तुम्हांस कोणी सांगेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. दहा चाकी गाडीचे कायदेशीर एकूण वजन 28.5 टनांपर्यंत जाते आणि बारा टनांवरील प्रत्येक मालवाहू वाहन जड वाहनात मोडते. त्या गाडीस तुमचे आजचे लायसन मुळीच लागू नाही.

'रात्री उस्ताद गाडी हाती देईल' ही वहिवाट आपल्याकडे जुनी आहे, आणि अनेक नामांकित चालक याच मार्गाने शिकले हेही खरे. तथापि शिकाऊ लायसन काढले असले तरीसुद्धा, ज्याच्याजवळ त्या वाहनाचे पक्के लायसन आहे असा शिकविणारा मनुष्य शेजारी, गाडी तत्काळ थांबविता येईल अशा जागी, जागा असला पाहिजे, असा नियम आहे. उस्ताद सीटमागच्या फळीवर चादर ओढून झोपलेला आणि क्लीनर कसाऱ्याचा घाट उतरतो आहे, ही स्थिती कोणत्याही कलमात बसत नाही. अशा वेळी एखादा पादचारी चाकाखाली आला, तर विमा कंपनीला जखमीस किंवा मृताच्या वारसांस रक्कम द्यावी लागली तरी विनालायसन चालकाच्या कारणावरून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालये तिला देतात. आणि फौजदारी खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो तो मात्र तुम्हीच. लायसन नसता गाडी चालविणाऱ्यास आणि त्याला चालवू देणाऱ्या मालकासही पाच हजारांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु एका तरुणाच्या आयुष्याच्या प्रारंभी त्याच्या नावाने नोंदला जाणारा मनुष्यवधाचा गुन्हा त्या दंडाहून कितीतरी पट महाग पडतो.

म्हणून क्रम असा ठेवा. परिवहन कार्यालयात जड वाहनाच्या शिकाऊ लायसनचा अर्ज, त्यासोबत वैद्यकीय दाखला. तीस दिवसांनंतर आणि सहा महिन्यांच्या मुदतीच्या आत, नोंदणीकृत प्रशिक्षण शाळेचे प्रमाणपत्र जोडून चाचणी. या प्रमाणपत्राच्या बाबतीत माझे मत कडक आहे. ते पैसे मोजून घरबसल्या मिळते असे सांगणारे दलाल भेटतील. पण भरलेली गाडी उतारावर इंजिनाच्या जोरावर कशी रोखावी, ब्रेक तापले म्हणजे काय करावे, मागे घेताना आरशात काय दिसत नाही, हे शिकण्याची जागा ती शाळा आहे, आणि फी भरावयाचीच तर शिक्षणासाठी भरावी. पक्के लायसन पाच वर्षांसाठी मिळते. मुदत संपल्यानंतरची तीस दिवसांची जुनी सवलत 2019 च्या दुरुस्तीने गेली, तेव्हा नूतनीकरणाची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. या काळात क्लीनर म्हणून गाडीवर जाण्यास हरकत नाही. ताडपत्री बांधणे, दोर आवळणे, टायर ठोकून पाहणे, नग मोजणे ही कामे ज्याला येत नाहीत तो पुरा चालक होत नाही. फक्त स्टेअरिंगला हात लावू नका.

आता पगार. मालक 'भत्ता' म्हणतात आणि 'वेतन' म्हणत नाहीत, यात त्यांचा कपटभाव असेलच असे मी म्हणत नाही, कारण या धंद्यात बोलण्याची रीतच तशी पडली आहे. परंतु या दोहोंतील अंतर संकटाच्या दिवशी लक्षावधी रुपयांचे होते, ते कसे हे आकड्यांनीच दाखवितो. कामावर असता अपघातात कामगार मरण पावला, तर 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने बसवून दिलेला आणि नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राहिलेला हिशेब असा की, मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेस वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावे. बावीस वर्षांच्या वयास हा अंक 221.37 आहे. वेतन दरमहा पंधरा हजार असल्याचे कागदावर सिद्ध झाले, तर भरपाई 16,60,275 रुपये होते; कागदावर आठ हजारच असतील, तर 8,85,480 रुपये; आणि प्रवासभत्ता हा वेतनात धरला जात नाही, तेव्हा सारी रक्कम 'खेपेचा भत्ता' म्हणूनच नोंदली गेली, तर विमा कंपनीचा वकील त्याच शब्दावर बोट ठेवून उभा राहील. हा हक्क विशेष मोलाचा आहे, याचे कारण अपघातात चालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा दिसला तरी मृत्यूच्या बाबतीत तो बुडत नाही. उलट मोटार वाहन कायद्याखालील नेहमीच्या दाव्यात चूक चालकाचीच ठरली तर त्याच्या वारसांच्या हाती फारसे काही लागत नाही.

तेव्हा मालकांपाशी नम्रपणे, पण स्पष्टपणे नेमणूकपत्र मागा, आणि त्यात मासिक वेतनाचा आकडा निराळा व खेपेचा भत्ता निराळा लिहवून घ्या. वेतन बँकेच्या खात्यात जमा व्हावे असे सांगा. डिझेल, टोल, हमाली, वाराई यांसाठी मिळणारी खर्ची हे तुमचे उत्पन्न नव्हे, ती मालकाची रक्कम तुमच्या हाती आहे. तिचा जमाखर्च एका लहान वहीत पावत्यांसह ठेवा. कामाचे तास हा तर या धंद्यातील सर्वांत उपेक्षित विषय. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा आणि जादा कामास दुप्पट दर ठरविला होता. आठ तासांचे आणि दुप्पट दराचे तत्त्व त्याच्या जागी आलेल्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. प्रत्यक्षात हे किती पाळले जाते ते महामार्गावरील कोणताही धाबेवाला सांगेल. तरीही डोळा लागत असता 'माल सकाळी पोहोचलाच पाहिजे' या दूरध्वनीसाठी गाडी हाकू नका; उद्या पंचनाम्यात त्या दूरध्वनीचा उल्लेख नसतो.

कोऱ्या मुद्रांकपत्रावर सही करू नका. वडिलांच्या आजाराची निकड मी समजतो, आणि ती समजूनच हे लिहितो आहे. उचल घ्यावीच लागली तर रक्कम, तारीख, दरमहा किती वळती होणार व केव्हा फिटणार हे सर्व भरलेल्या कागदावर सही करा आणि त्याची एक प्रत जवळ ठेवा. कोरा कागद हा तुम्हांस नोकरी सोडू न देण्याचे साधन होऊ शकतो.

गाडीची कागदपत्रे रोज तपासण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या : नोंदणी पुस्तक, विमा, फिटनेसचा दाखला, परमिट, प्रदूषणाचे प्रमाणपत्र, बिल्टी आणि ई-वे बिल. परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांवरील मालास ई-वे बिल लागते व दर दोनशे किलोमीटरांस एक दिवस अशी त्याची मुदत असते. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर नव्या गाडीचा क्रमांक त्यात चढविल्याविना पुढे निघू नका. ज्यादा भारास वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार असा दंड आहे. आणि काट्यावर गाडी नेण्यास जो चालक नकार देतो, अथवा वजनापूर्वी माल उतरवून टाकतो, त्यास चाळीस हजार. शिवाय लायसन निलंबित होण्याची भीती निराळीच, आणि लायसन मालकाचे नव्हे, तुमचे आहे.

दुर्दैवाने अपघात घडला तर जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि शक्य तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत, जवळच्या पोलीस ठाण्यात वर्दी देणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जमाव खवळला असेल तर तेथे थांबून मार खावा असे कायदा म्हणत नाही. जमावाच्या प्रक्षोभाचा अपवाद त्या कलमातच लिहिलेला आहे. तेथून निघून थेट ठाणे गाठा, किंवा 112 क्रमांकावर कळवा. भारतीय न्याय संहितेतील, वर्दी न देता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे पोटकलम जानेवारी 2024 मधील चालकांच्या संपामुळे गाजले, आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली तेव्हा ते तहकूब ठेवण्यात आले. परंतु निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंतची शिक्षा लागू आहे, आणि पळालेल्या चालकाच्या कैफियतीवर न्यायालयाचा विश्वास बसणे कठीण असते.

प्रश्न : माझे पती नुकतेच एका ट्रान्सपोर्टकडे चालक म्हणून लागले. दुसऱ्याच खेपेस माल उतरविताना मुनिमाने बिल्टीच्या पाठीवर 'चार नग कमी' असे लिहून त्यांची सही घेतली. मालकाने त्या महिन्याचा संपूर्ण पगार कापला आणि त्यांचे लायसनही ठेवून घेतले. पैसे फेडल्यावर देऊ म्हणतात. आम्ही काय करू शकतो?
— एक भगिनी, जि. सांगली

उत्तर : ताई, संपूर्ण पगार कापणे बेकायदा आहे. ताब्यात दिलेला माल चालकाच्या निष्काळजीपणाने गहाळ झाला असे सिद्ध झाले तरच, आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावरच, वेतनातून कपात करता येते. शिवाय सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. आपल्या यजमानांनी प्रथम मालकास नोंदणीकृत डाकेने पत्र पाठवावे व पोचपावती जपून ठेवावी. उत्तर न आल्यास जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी.

लायसन तारण म्हणून ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही मालकास नाही. रस्त्यावर अधिकाऱ्याने मागताच ते दाखविण्याचे बंधन चालकावर आहे, आणि जे दाखवावयाचे ते दुसऱ्याच्या कपाटात राहू शकत नाही. तूर्त डिजिलॉकरमधील प्रत चालते, तेवढ्याने अडचण भागेल. मात्र 'लायसन हरविले' असे खोटे लिहून दुय्यम प्रत काढू नये. त्याने न्याय्य बाजू दुबळी होईल. पत्रात लायसन परत मागावे, आणि न दिल्यास पोलीस ठाण्यात तसा अर्ज द्यावा.

पुढील खेपांसाठी त्यांस एवढे सांगा की, भरताना नग स्वतः मोजावेत. मोजू दिले नाहीत किंवा माल सीलबंद मिळाला, तर बिल्टीवर तसा शेरा सही करण्यापूर्वी लिहवून घ्यावा. उतरविताना मुनिमाने लिहिलेला शेरा मान्य नसेल तर त्याखाली 'सील शाबूत होते, तूट मान्य नाही' असे आपल्या हाताने लिहून मगच सही करावी व त्या पानाचे छायाचित्र लगेच काढून ठेवावे. कारण बिल्टीवरील नगांचा आकडा हा न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो.

प्रश्न : मी आठ महिन्यांपासून दुसऱ्याच्या ट्रकवर चालक आहे. जुना सहा चाकी ट्रक कर्जावर घेऊन स्वतःच चालवावा असा विचार आहे. योग्य होईल का?
— एक वाचक, मालेगाव

उत्तर : आणखी एक वर्ष थांबावे, असे मी सुचवीन. नोकरीत तुम्हांस भाड्याचे दर कळतात, पण परतीची खेप रिकामी येते तेव्हाचा तोटा मालक सोसतो. तो आकडा एक वर्षभर आपल्या वहीत लिहून पाहा. गाडीचे वय आठ वर्षांहून अधिक असेल तर फिटनेसचा दाखला दर वर्षी घ्यावा लागतो आणि त्या दिवसांत गाडी उभी राहते. सौदा ठरविण्यापूर्वी नोंदणी पुस्तकावर आधीच्या कर्जाचा बोजा उरला आहे का, कर थकला आहे का, व दंडाची चलने बाकी आहेत का, हे परिवहन कार्यालयातून तपासून घ्या. मालक होऊन स्वतः चालविणार असाल तर विम्यासोबत पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घ्या. आज नोकर म्हणून मालकाच्या विम्यातून जे छत्र मिळते, ते त्या दिवशी राहणार नाही. आणि हप्ते, विमा, टायर व एक मोठी दुरुस्ती एवढी सहा महिन्यांची तजवीज खात्यात नसेल, तर कोणालाही इसार देऊ नका.